माझे ६३ पाठ कुठे आहेत? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या सोमवारी चौथ्या तासाला नववीच्या वर्गात मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) ही संकल्पना घ्यायची होती. त्या विषयावरचा मराठी पाठ मीच लिहिलेला, आपल्या खात्याच्या मोफत शिक्षणसाहित्याच्या संकेतस्थळावर तीन वर्षं होता. पडदा लावला, दुवा उघडला. ‘पृष्ठ सापडले नाही.’ पुन्हा उघडला, पुन्हा तेच. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तुम्हीच हरवलात!” वर्ग हसला. मीही हसले. घरी येऊन रडले, ते पोरांना माहीत नाही.

रात्री शोधलं तेव्हा कळलं की संकेतस्थळ ‘नव्या रूपात’ आलं आहे. अभिनंदन. रूप खरोखर देखणं आहे. आपला फोटोही छान आलाय. जुने दुवे मात्र सगळे मुखपृष्ठावर जाऊन आपटतात किंवा मरतात. माझे ६३ पाठ त्यात गेले.

हे पाठ कसे आले ते आपल्याला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आलं की मराठीतून चांगलं साहित्य नाही, तुम्ही लिहा, ते राज्यातल्या प्रत्येक मुलाला कायम मोफत मिळेल. ‘कायम’ हा शब्द मी वहीत लिहून घेतला होता, कारण मानधन नाही हे त्याच वाक्यात पुढे आलं होतं. मी हो म्हटलं. मला कुणी बंदूक लावली नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य करते.

एका पाठाला चार रात्री धरा. म्हणजे अडीचशे रात्री. त्यातल्या किती नुसत्या फॉन्टवर गेल्या! माझ्या जुन्या नोट्स श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये होत्या, त्या युनिकोडमध्ये आणल्या की प्रत्येक जोडाक्षर फुटायचं. ‘द्रव्य’ दुरुस्त करावं तर ‘मिश्रण’ तुटलेलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसायचे. ती विचारायची, “अजून शाळेचंच चाललंय का गं?” मी म्हणायचे, झालंच. ती गेली तेव्हा ४८वा पाठ अर्धा होता. मानेचा पट्टा मला त्याच वर्षी लागला, तो अजून आहे. हे सगळं आपल्या कार्यालयाच्या कोणत्या रकान्यात बसतं, कल्पना नाही.

असो. मी रडगाणं गायला बसलेले नाही. (बसलेच आहे, पण थोडं पुढे जाऊ.)

नव्या संकेतस्थळावर मोलचा पाठ आहे, नाही असं नाही. फक्त तो यंत्राने इंग्रजीतून आणलेला आहे आणि तपासायला माणूस नेमलेला दिसत नाही. इंग्रजीत ‘मोल’ म्हणजे तीळही, त्यामुळे त्यात मोलचं भाषांतर ‘तीळ’ असं झालं आहे. अंगावरचा तीळ. ‘पाण्याच्या एका तिळाचे वस्तुमान १८ ग्रॅम असते.’ पुढच्या पाठात मीठ पाण्यात विरघळवल्यावर (इंग्रजी ‘सोल्यूशन’चा) ‘उपाय’ तयार होतो. द्रावण म्हणतात हो त्याला, सातवीच्या पोरालाही ठाऊक आहे. आम्लारीच्या (इंग्रजीत ‘बेस’) जागी ‘पाया’ आहे, त्यामुळे आम्ल आणि पाया एकत्र आले की क्षार आणि पाणी मिळतं. इमारतीची काळजी वाटली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत कार्यक्रम केला होता. अभिजात भाषेत तिळाचं वजन १८ ग्रॅम भरतं, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

आणि हे वाचायलाही लॉगिन हवं. विद्यार्थ्याचा क्रमांक, मोबाइल क्रमांक, मग ओटीपी. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. मुलगी अभ्यासाला बसणार संध्याकाळी शेजारणीच्या फोनवर, ओटीपी जाणार बापाच्या खिशात. दहा मिनिटांत तो शिळा. राज्यात लाखभर शाळा आहेत. प्रत्येक शाळेत रोज एकाच शिक्षकाची दहा मिनिटं या ओटीपीपायी गेली असं धरलं तरी दिवसाला सोळा हजारांवर तास होतात. गणित ढोबळ आहे, आपले अधिकारी ते खोडून काढतीलच. खोडावं, पण निदान करावं.

जे साहित्य मोफत आहे ते वाचायला मुलाची ओळख कशाला लागते? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ साली आपले अभ्यासक्रम जगाला खुले करत असल्याचं जाहीर केलं. आज तिथे अडीच हजारांवर अभ्यासक्रम आहेत, आणि वाचायला जाणाऱ्याला ते नावसुद्धा विचारत नाहीत. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या विद्यापीठाला माझ्या नववीच्या मुलीबद्दल काही जाणून घ्यायचं नाही. आपल्याला तिचा मोबाइल हवाय.

आता मुद्द्यावर येते. मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण आम्हाला पहिला दिलात आणि दुसऱ्याचा उच्चार टाळलात. मोफत म्हणजे आज पैसे न घेता दाखवलं, उद्या दार लावलं तरी कुणी विचारायचं नाही. मुक्त म्हणजे मी ते उतरवून घेऊ शकते, बदलू शकते, शेजारच्या शाळेला पेन ड्राइव्हवर देऊ शकते, आणि तुमचं यंत्र बंद पडलं तरी ते जिवंत राहतं.

उदाहरण देते. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने आपली वीस हजारांहून जास्त ध्वनिचित्रित व्याख्यानं लोकांसाठी बंद केली. कारण असं की ती कर्णबधिर आणि अंध लोकांना वापरता येत नाहीत, असा ठपका तिथल्या न्याय खात्याने ठेवला होता. मागणी रास्तच होती. विद्यापीठाने मात्र सबटायटल घालण्याऐवजी कुलूप घातलं. (सगळीकडची कार्यालयं सारखीच, हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं.) पण त्या व्याख्यानांवर प्रती करून वाटायची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना होता. त्या जोरावर दुसऱ्यांनी ती आधीच उतरवून घेतली आणि वेगळ्या ठिकाणी ठेवली. विद्यापीठाने दार लावलं, ज्ञान आधीच बाहेर पडलेलं होतं. माझ्या पाठांच्या तळाशी अशी एक ओळ असती तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

ती ओळ का नव्हती? मी विचारलं होतं. ‘शासकीय साहित्य आहे, सगळ्यांसाठीच आहे’ असं उत्तर मिळालं. कायदा याच्या नेमका उलट सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शासकीय साहित्याचा पहिला मालक शासन, आणि तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे तळाशी काहीच लिहिलं नाही तर ‘सगळ्यांसाठी’ असलेल्या पाठाची प्रत वाटण्याआधी परवानगी मागायची. माझ्याच पाठाची, मी. साठ वर्षांनी मी कुठे असेन ते सांगायला नको.

आणि हे कुणाला सुचलं नव्हतं अशातला भाग नाही. केंद्र सरकारने २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक साहित्याचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं तेव्हा त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचाच परवाना घातला होता: घ्या, बदला, वाटा, मूळ लेखकाचं नाव ठेवा आणि पुढच्यालाही हीच मुभा द्या. २०१९ मध्ये युनेस्कोने मुक्त शैक्षणिक संसाधनांबद्दल शिफारस मंजूर केली, भारत तिथे सदस्य आहे. शब्द आहेत, परवाने आहेत, नमुने आहेत. मग दर तीन-चार वर्षांनी नवं नाव, नवं बोधचिन्ह, नवा ठेकेदार आणि जुन्यावर बोळा, हेच का होतं? जुनं नीट चालू ठेवण्याचं उद्घाटन करता येत नाही म्हणून? फीत कापायला काहीतरी नवं लागतं, एवढंच मला तरी कारण दिसतं.

जुनं सांभाळता येतं हो. अॅनिमेशन चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं तेव्हा शाळांच्या संगणकावरची कितीतरी अॅनिमेशन एका रात्रीत मेली. आमच्या प्रयोगशाळेतल्या सीडी तेव्हापासून पक्षी घाबरवायला टांगल्यात. पण कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट नावाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यांचे आभासी प्रयोगही फ्लॅश आणि जावामध्ये होते. त्यांनी त्यातले बरेच एकेक करून नव्या तंत्रात आणले. त्यातले कितीतरी मराठीतही आहेत. विद्युत परिपथ मी त्यावरच शिकवते. मराठी मुलांसाठी कोलोरॅडोला जावं लागतं, याची मला लाज वाटते. आपल्याला वाटते का, हा खासगी प्रश्न झाला.

खरं सांगू? पाठ गेल्याचं दुःख आहेच, पण मला जास्त लागलं ते वेगळंच. कुणाला ते गेल्याचं कळलंसुद्धा नाही. आम्हाला काय येतं, कुणी विचारत नाही. आम्हाला मतदार याद्या येतात, सर्वेक्षणं येतात, दुपारच्या आहाराचा फोटो स्थळ-वेळेसह टाकता येतो, शाळाबाह्य मुलं दारोदार मोजता येतात. एका शिक्षिकेला मराठीत रसायनशास्त्र समजावून लिहिता येतं, ही माहिती कुठल्याच अॅपमध्ये भरायला जागा नाही. तशी जागा असती तर पुसण्याआधी निदान एक फोन आला असता. पंचवीस वर्षांत मला खात्याकडून फोन आले ते फक्त ‘माहिती आजच्या आज पाठवा’ म्हणून.

मागणं थोडकं आहे. माझ्या संगणकावर ४१ पाठ सापडले, बाकीचे २२ थेट संकेतस्थळावरच लिहिले होते, कारण तशीच सूचना होती. ते २२ तुमच्या जुन्या यंत्रावर कुठेतरी असतील. परत द्या. माझ्यासारख्या इतरांचेही. सगळं साहित्य एकत्र उतरवून घेता येईल असं ठेवा आणि त्याच्या तळाशी परवान्याची ती एक ओळ लिहा. वाचायला लॉगिन नको. आणि तो तीळ, कृपा करून, काढा.

आपली,
नववीच्या विज्ञानाच्या बाई

ता. क. हेच सगळं मी आधी आपल्या तक्रार निवारण कक्षात टाकलं होतं, पाचशे अक्षरांत बसवून. हे पत्र लिहीत असतानाच मोबाइल वाजला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया सेवेस १ ते ५ तारे द्या.’ तारे द्यायला गेले. लॉगिन मागितलं.