माल्कम आधी लढवय्या, मग गव्हर्नर

महोदय,
महाबळेश्वरावरील लेखांत सर जॉन माल्कम यांची ओळख थंड हवेचे ठिकाण वसवणारे गव्हर्नर एवढीच असते. हा गृहस्थ कोवळ्या वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत शिरला होता. १८१७ मध्ये माळव्यातील महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या तोफांवर तोच चालून गेला आणि १८१८ मध्ये दुसरे बाजीराव त्याच्याच स्वाधीन झाले. पेशव्यांना सालीना आठ लाखांचा तनखा त्यानेच कबूल केला, तेव्हा वरिष्ठांना ही उदारता खुपली. (राज्य गेले, त्यापुढे आठ लाख ते काय!) मुंबईची गव्हर्नरकी, बोरघाटाचा रस्ता हे सारे नंतरचे. पर्यटनस्थळांच्या माहितीफलकांवर महिदपूरचाही उल्लेख असावा.

– एक वाचक, सातारा