जपून ठेवावेत असे पटावरचे खेळ

महोदय,

गेल्या काही आठवड्यांत खेळून पाहिलेल्या पटावरच्या खेळांपैकी कायम जवळ ठेवावेत असे मला दोनच वाटले. २००० सालच्या ‘कारकासोन’मध्ये ७२ चौकोनी तुकडे एकेक करून जोडताना शहरे, रस्ते आणि शेते आकार घेत जातात, आणि खेळवायला प्रत्येकाकडे सातच मोहरे असल्याने ते कुठे गुंतवावेत हा पेच शेवटच्या तुकड्यापर्यंत सुटत नाही. २००८ सालच्या ‘पँडेमिक’मध्ये सारे खेळाडू मिळून चार रोगांशी झुंजतात; मात्र एखादा जाणता खेळाडूच सर्वांच्या चाली ठरवू लागला (हा आगाऊपणा मीही केला आहे), तर इतरांना नुसते बघे व्हावे लागते. फाशांच्या लहरीवर फार अवलंबून असलेला ‘कॅटन’ मी देऊन टाकला.

– एक वाचक