मंत्रिमहोदय, ऑक्सिजन आधी तुमच्या फायलींना द्या

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

ठिबकच्या पाण्यात हवा मिसळणाऱ्या व्हेंचुरीसाठी केलेला माझा अनुदानाचा अर्ज काल परत आला. शेरा एका ओळीचा: सदर साहित्य योजनेच्या यादीत नाही. हे साहित्य घ्या असं आपल्याच खात्याच्या माणसांनी गावच्या मांडवात सांगितलं होतं. आपण व्यासपीठावर होतात आणि 'अनुदान मिळणार, काळजी नको' हे शब्दही आपलेच. टाळ्या आम्ही वाजवल्या.

त्या दिवशी पडद्यावर स्पेनमधल्या ऑलिव्हच्या बागा झळकल्या. ठिबकच्या पाण्यात हवा मिसळायची, मुळांना प्राणवायू मिळतो, उत्पन्न वाढतं. त्यात तथ्य आहे. माती पाण्याने गच्च झाली की मुळं घुसमटतात, आणि ऑलिव्हला तर साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही घटतो: 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. एप्रिलात माझ्या काळ्या टाकीत हात घालून बघा. पण साहेब, त्या ऑलिव्हच्या मुलखात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. आमच्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात जुलै महिना एकटाच त्याच्यावर जातो! पोफळीवर हा प्रयोग इथल्या मातीत कुणी केलाय का, हे विचारायला मी उठलो तोवर माईक हार-तुऱ्यांकडे गेला होता.

तरी सोसायटीचं कर्ज काढून व्हेंचुरी बसवली, नवा पंप घेतला. पाइप मध्येच चिंचोळा होतो, तिथे पाण्याचा वेग वाढतो, दाब पडतो आणि बाजूच्या भोकातून हवा आत ओढली जाते. कान लावला की शूं ऐकू येतं. फक्त पंपाला जोर हवा. मार्च लागला की नेमकं शिंपणाच्या वेळी व्होल्टेज कोसळतं, शूं थांबतं आणि त्याच भोकातून पाण्याची पिचकारी माझ्या तोंडावर. सरकारी योजना कशी चालते ते तेव्हा कळतं.

हप्ता मात्र व्होल्टेज बघून येत नाही. गेल्या पावसात कोळेरोगाने निम्मी सुपारी गळाली, केळी गव्यांनी तुडवल्या, नारळ माकडांनी पाडले, उरलेले उतरवायला पाडेली मिळेना. मुलगा म्हणतो, विकून टाक. गिऱ्हाईक दारात उभं आहे, दिल्लीचं.

आणि त्याची फाईल बघा कशी पळेल! नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खाली जमिनींचे झोन बदलले तेव्हा तुमच्या सरकारला दम लागला नाही. माझ्या चार पानी अर्जाला मात्र टेबलाटेबलावर धाप लागते. लवादाने 2018 साली म्हादईचं 24 टीएमसी पाणी गोव्याला दिलं, त्यावर तुम्ही सगळे तासभर बोलता. माझ्या पाटात त्यातलं किती उतरलं? विरोधी बाकावरचेही यात मागे नाहीत. तेही कधीतरी खुर्चीत होतेच.

व्हेंचुरी यादीत घाला, मांडवात शब्द दिलेल्यांचे अर्ज पुन्हा उघडा, शिंपणाच्या वेळी पुरेशा दाबाची थ्री फेज वीज द्या, आणि पुढचा पडदा लावण्याआधी एखाद्या कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळी-नारळ-केळीच्या बागेत, दोन हंगाम प्रयोग करून दाखवा.

आणखी एक. अर्ज मी मराठीत केला होता, शेरा इंग्रजीत आला. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे. तेव्हा उत्तर द्यायचं झालंच, तर मराठीतून द्या, आणि खाली सही तुमची असू द्या, कारकुनाची नको.

आपला,
एक कुळागरवाला, सत्तरी