ती डबल बेल आणि कलम १३४अ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी एसटीत तेहतीस वर्षे वाहक होतो. निवृत्तीनंतर राहुरीत राहतो, रविवारी उपासनेला जातो आणि उपासनेआधी संडे स्कूलच्या मुलांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगतो. हे पत्र नगर–मनमाड रस्त्यावर गळीत हंगामात होणाऱ्या अपघातांबद्दल आहे. त्यात माझ्या श्रद्धेचेही बोलणे येईल, कारण ते बाजूला ठेवून मला हे लिहिताच येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी दिवेलागणीच्या वेळी कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, साधे लाल फडकेही नव्हते. मी स्कूटरवरून पोहोचलो तेव्हा पंधरा-वीस माणसे जमली होती. बरेच जण मोबाइलवर चित्रण करत होते. पंचविशीतला पोरगा डांबरावर पडला होता आणि त्याच्याजवळ खाली बसलेली माणसे दोनच. बीडकडचे ऊसतोड जोडपे, फडातून कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, परत चाललेले. बाईने डोक्याचा फडका सोडून त्याची मांडी करकचून बांधली होती. नवरा त्याचे डोके दोन्ही हातांत धरून होता, हलू देत नव्हता.

मी एका टेम्पोला हात केला. चालक म्हणाला, "मामा, नेतो, पण उद्या पोलीस मला साक्षीला फिरवतील." त्याला म्हटले, कोणी फिरवणार नाही, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही, माझ्यावर विश्वास ठेव. त्याने ठेवला. आम्ही पोराला एका खासगी दवाखान्यात नेले. तिथे काउंटरवर पहिला प्रश्न आला, "आणलं कोणी? नाव, पत्ता, आधार द्या आणि दहा हजार भरा." ऊसतोड्या घाबरून भिंतीला लागला. मला बाजूला घेऊन विचारतो, "आम्हाला धरून ठेवतील का हो? उद्या फडावर नाही गेलो तर मुकादम खाडा लावील." खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेला माणूस तो, एकेका दिवसाचा हिशेब त्याच्या मानेवर. सुदैवाने आतून डॉक्टर स्वतः आले आणि पैशाचा विषय न काढता त्यांनी उपचार सुरू केले. त्यांचे आभारच मानतो. पण काउंटरवरच्या मुलाला कायदा माहीत नव्हता, हे खरे.

जखमीवर आधी उपचार, बाकी सगळे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. मदत करणाऱ्याला छळू नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. सद्भावनेने मदत करताना काही कमीजास्त झाले तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० मध्ये आलेला नियम १६८ सांगतो की त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही, आणि प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने हे हक्क स्थानिक भाषेतही प्रवेशद्वाराशी किंवा दर्शनी जागी लावले पाहिजेत. त्या रात्रीनंतर मी मुद्दाम पाच दवाखाने पाहिले. फलक एकाच ठिकाणी दिसला, तोही इंग्रजीत आणि कुंडीच्या मागे. जखमीला पहिल्या तासात पोहोचवणाऱ्यास केंद्र सरकार २०२१ पासून ५,००० रुपये देत होते, २०२५ मध्ये ती रक्कम २५,००० केली. त्या जोडप्याच्या कानावर यातले अक्षरही गेलेले नव्हते.

या कायद्यातल्या मदत करणाऱ्याला 'गुड समॅरिटन' म्हणतात. हा आमच्या शास्त्रातला चांगला शोमरोनी. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात यरुशलेमाहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले. याजक म्हणजे पुरोहित आला, लेवी म्हणजे मंदिरातला सेवेकरी आला, दोघेही पलीकडच्या बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक संबंधही ठेवत नसत. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ही गोष्ट ऐकताना आपण बहुधा स्वतःला शोमरोन्याच्या जागी धरतो. मला तसे धरता येत नाही.

१९९४ चा पावसाळा. मी मुक्कामी गाडी घेऊन चाललो होतो, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. दिव्याच्या उजेडात रस्त्याकडेला आडवी सायकल आणि शेजारी पालथा पडलेला माणूस दिसला. चालकाने गाडी हळू केली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिले. प्रवाशांत कुजबुज झाली, "प्यायला असेल," "पोलिसांचं लचांड कशाला." एकच बेल दिली असती तर गाडी थांबली असती. मी डबल बेल दिली. सकाळी त्याच रस्त्याने परतलो तेव्हा सायकल कोणीतरी बाभळीला टेकवून ठेवली होती. माणूस नव्हता. त्याचे काय झाले ते मला आजवर कळलेले नाही. त्या रात्रीही माझ्या खिशात बायबलचा छोटा नवा करार होता.

मराठी शास्त्रात शोमरोन्याबद्दल लिहिले आहे की त्याला 'कळवळा' आला. हाच शब्द आमच्या आजीच्या तोंडी होता, तुकोबांच्या अभंगातही आहे. पण शास्त्र तिथे थांबत नाही, पुढे सगळी कामेच सांगते. जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले व सांगितले की जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन. माझे आयुष्य सुट्या पैशांच्या हिशेबात गेले, त्यामुळे मन नेहमी या दुसऱ्या दिवसावर अडते. कायदा आपल्याला पहिल्या रात्रीपुरते निर्भय करतो. दुसऱ्या दिवशी परत जाणे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते आम्हा ख्रिस्ती माणसांवर येशूने सोपवले आहे, आणि आम्ही ते रविवारच्या दानपेटीत भागवू पाहतो.

पोरगा घरी आला आहे, पाय प्लास्टरमध्ये. मी एक दिवसाआड जातो. मंडळीतल्या दोघांना घेऊन मुकादमाकडेही गेलो. त्या जोडप्याला दोन दिवसांचा खाडा लागला होता. एक त्याने सोडला, दुसरा आम्ही भरला. बाईला काही पैसे देऊ लागलो तर घेईना. "फडका तेवढा द्या," म्हणाली, "त्यो रक्तानं गेला."

माझी विनंती अशी. साखर कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत येऊच देऊ नये. रुग्णालयांनी मराठी फलक लावावा, दर्शनी जागी. आमच्या पाळकांनी आणि इतर देवळां-मशिदींच्या जाणत्यांनी हा कायदा आपापल्या माणसांना वाचून दाखवावा. आणि आपल्या दैनिकाने कलम १३४अ व नियम १६८ सोप्या मराठीत एका चौकटीत छापावेत. मी त्या कात्रणाच्या प्रती काढीन आणि संध्याकाळी राहुरी स्थानकावर उभा राहून मुक्कामी गाड्यांच्या वाहकांच्या हातात देईन.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
राहुरी, जि. अहिल्यानगर