ऊसतोडीचा कोयता निघायच्या आधी यकृताची तपासणी : मदतीचे आवाहन

यकृताचा कर्करोग पुरुषांना बायकांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो. ‘पितात म्हणून’ एवढ्यावर विषय सोडू नका, ते अर्धेच खरे आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतात मुक्कामाला असला की पुरुषी संप्रेरकाचा रिसेप्टर (पेशीतला त्याचा संदेश घेणारा रेणू) विषाणूच्या डीएनएला चिकटून त्याला जोर देतो. इस्ट्रोजेन हे बायकांचे संप्रेरक उलट विषाणूला आवरते, सूजही कमी ठेवते. गाठीतले जनुकीय बिघाडही वेगळे: सीटीएनएनबी१ या जनुकातला पुरुषांत, तर बीएपी१ या जनुकातला बायकांत जास्त सापडतो.

पण बाईचे हे संरक्षण पाळी जाईपर्यंतच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कमी वयात काढल्या जातात, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल तर इस्ट्रोजेन तिशीतच आटते. काय काढले हे बऱ्याच जणींना सांगितलेलेच नसते. म्हणून बायकांनी ऑपरेशनचा कागद घेऊन यावे. तो नसेल तर सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना अंडाशय आहे का तेही बघायला सांगू.

विषाणू असलेल्या पुरुषांची चाळिशीपासून आणि बायकांची पन्नाशीपासून दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी व एएफपीची (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करायची असते. सिरॉसिस (यकृत घट्ट होऊन आकसणे) असेल तर वय बघायचे नाही. अंडाशय काढलेल्या बाईला पन्नाशीपर्यंत थांबवू नये, असे आमचे ठाम मत आहे. हा ६ महिन्यांचा हिशेब हंगामात नेमका बसतो: एक फेरी दसऱ्याआधी, दुसरी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर.

आम्हाला आधी हवीत हिपॅटायटिस बीची तपासणी किट. बोटातून एक थेंब रक्त, निकाल १५-२० मिनिटांत. बरीच किट ३० अंशांच्या वर तापली की भरवशाची राहत नाहीत आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याखाली ४० सहज होतात. म्हणून लसीच्या पेटीसारख्या दोन थंड पेट्या आणि तापमापी द्या. निकाल ठरल्या वेळेनंतर वाचला तर विषाणू असल्याची नसलेली रेघ दिसू शकते, त्यामुळे घड्याळ धरून बसणारी, लिहिता येणारी माणसे हवीत. किटवर रेघ आली म्हणजे कर्करोग झाला असे नाही. रक्त पुन्हा प्रयोगशाळेत तपासावे लागते.

सगळ्यात अवघड पुढचे. विषाणूची तपासणी आणि औषध राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात मोफत आहे, पण सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचे, म्हणजे पहाटेची गाडी आणि दिवसभराचा रोज बुडाला. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेला माणूस तिथेच थांबतो. एका माणसाचे वर्षाचे दोन वेळचे भाडे आणि दोन दिवसांचा रोज, एवढा भार एका घराने उचलावा, ही विनंती. ज्यांची जीप आहे त्यांनी डिझेलसह एक दिवस दिला तरी चालेल.

मुकादमांनी टोळीतल्या जोडप्यांची यादी आताच द्यावी, नवरा-बायको दोघांची. देणगी पावतीशिवाय देऊ नका; जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.