विहिरीकडचा तुकडा विकू नका

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी नुसतं "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. पोरगं तयार झालं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही, बाबा. तुम्हाला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, मला ओरडून बोलावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. मी अभ्यासिकेच्या जिन्यात उभा होतो, पोरं येत-जात होती. म्हणून आज सकाळचा अभ्यास बाजूला ठेवून लिहायला बसलोय. आई, चष्मा लाव आणि तूच वाचून दाखव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी मुद्द्याचं सांगतो. विहिरीकडचा एकर विकायचा नाही. माझ्या मास्तरकीसाठी त्या शिक्षणसंस्थेच्या गृहस्थांना अठरा लाख द्यायचे नाहीत. कुणाकडून इसार घेतला असेल तर या आठवड्यात परत करा.

तुम्ही हे माझ्यासाठी करायला निघालात, ते मला कळतं. तेहेतीस वर्षांचा झालो, अजून तासिका तत्त्वावर शिकवतो, महिन्याला हातात नऊ हजार येतात. शाळेला सुट्टी लागली की तेही नाहीत. गावात लोक विचारतात, मुलगा काय करतो, आणि "अभ्यास करतोय" हे उत्तर देऊन तुम्ही थकलात. आईनं माझ्या लग्नाचा विषय काढणं बंद केलंय, तेही माझ्या लक्षात आलंय. पण पैसे देऊन जे मिळेल असं ते गृहस्थ सांगतात, ते त्यांच्या हातात नाही.

अनुदानित खाजगी शाळेतली शिक्षकाची जागा आता संस्थेनं मनानं भरायची नसते. आधी टेट द्यायची, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. मग त्या गुणांवर सरकारच्या पवित्र पोर्टलवरून नावं जातात. संस्था मुलाखत घेते तीसुद्धा पोर्टलनं पाठवलेल्या उमेदवारांचीच. त्या गृहस्थांनी तुम्हाला "मागच्या तारखेची ऑर्डर काढून देतो, शालार्थ आयडी नंतर करून घेऊ" असं सांगितलं ना? तीच तर भीती आहे. शालार्थ आयडीशिवाय सरकारी पगार निघत नाही. नागपूरकडचं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं, त्यात माणसं तुरुंगात गेली. त्याआधी २०१९-२० च्या टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, पैसे देऊन गुण वाढवून घेतले म्हणून परीक्षा परिषदेनं २०२२ मध्ये ७,८०० वर उमेदवारांना बाद केलं. त्यातल्या किती जणांच्या बापांनी जमिनी विकल्या असतील, याचा विचार मी तेव्हा रात्रभर केला होता. त्यांची जमीन गेली, नोकरी गेली आणि वर नाव खराब झालं.

बाबा, तुम्हाला घाटनांदूरची बाई आठवते? मी सहावीत होतो, तुम्ही एसटीवर कंडक्टर. तुमचा डबा घेऊन आगारात आलो होतो आणि तुम्ही पैसे भरण्याआधी बाकावर बसून तिकिटांच्या हिशेबाचं वे-बिल जुळवत होतात. तिकिटांचे गठ्ठे रंगानुसार लावले, पुन्हा मोजले, चिल्लर वेगळी केली, आणि ४० रुपये जास्त निघाले. कमी असते तर तुम्ही खिशातून घातले असते, ते मी आधी पाहिलं होतं. जास्त निघाल्यावर तुम्ही डबा उघडलाच नाही. बोटं पुन्हा-पुन्हा तिकिटांवरून फिरत होती. मग एकदम म्हणालात, "घाटनांदूरला उतरली ती. लेकरू झोपलेलं होतं खांद्यावर. तिकिटामागं बाकी लिहून दिली होती, घ्यायची विसरली." दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर होतात. घाटनांदूरला गाडी थांबल्यावर रसवंतीवाल्याला विचारून त्या बाईचं घर शोधलंत आणि पैसे पोचवलेत. ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवत होते. संध्याकाळी ही गोष्ट तुम्ही आईला सांगितलीत ती एका वाक्यात, आणि जेवायला बसलात.

त्या हातांनी अठरा लाख मोजून कुणाच्या टेबलाखालून सरकवावेत, हे मला सहन होणार नाही. ती ऑर्डर घेऊन मी वर्गात उभा राहिलो तर पोरांना काय सांगू?

आता माझं खरं काय चाललंय ते सांगतो, कारण ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुम्हाला टेट आणि टीईटी एकच वाटतं, आणि दरवेळी मी "परीक्षा होती" एवढंच म्हणतो. त्या दोन वेगळ्या आहेत. टेटच्या गुणांवर निवड होते. ती मी २०१७ ला दिली, २०२३ ला दिली, या वर्षी, २०२५ ला, तिसऱ्यांदा दिली. पहिली आणि दुसरी यांच्यात पाच वर्षं गेली, ती आमच्या हातात नव्हती. माझ्यासारख्या बी.एड. झालेल्यांची पंचविशी-तिशी त्या वाट पाहण्यात गेली. टीईटी म्हणजे पात्रता. पहिली ते आठवीपर्यंत शिकवायचं तर ती लागतेच. ती माझ्याकडे नाही म्हणून सहावी ते आठवीच्या इंग्रजीच्या जागा मला भरताच येत नाहीत, फक्त नववीच्या पुढच्या येतात. तिथं जागा थोड्या आणि गर्दी मोठी. माझं अडलंय ते इथं.

टीईटीत १५० पैकी ९० गुण लागतात. गेल्या नोव्हेंबरात मला ८६ पडले. चार गुणांनी गेलो हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. "नाही झालं" एवढंच म्हणालो होतो. बालमानसशास्त्रात १९, मराठीत २२, इंग्रजीत २७ आणि सामाजिक शास्त्रात १८. पहिल्या तिन्ही विभागांना ३०-३० गुण, सामाजिक शास्त्राला एकट्याला ६०. म्हणजे इंग्रजीचा शिक्षक व्हायला निघालेल्या माणसाला इंग्रजीनं नाही, इतिहास-भूगोलानं पाडलं. मी सात वर्षं इंग्रजीच घोकत बसलो होतो, कारण ते मला आवडतं आणि येतं. जे येत नाही त्याच्यासमोर बसायची तयारी नव्हती. ही चूक माझी आहे, त्याला जागा कमी निघाल्या हे कारण नाही.

यंदा ती दुरुस्त केलीय. औरंगपुऱ्यातून सहावी ते दहावीची बालभारतीची जुनी पुस्तकं आणली. रोज पहाटे साडेपाचला अभ्यासिकेत जातो. दहापर्यंत फक्त इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र. गाईड नाही, पाठ्यपुस्तकच, ओळ न् ओळ. नकाशे कोऱ्या कागदावर काढतो. अकराला शाळा. संध्याकाळी बालमानसशास्त्र. रविवारी घड्याळ लावून १५० मिनिटांचा अख्खा पेपर सोडवतो, उत्तरपत्रिकेचे गोल काळ्या पेननं भरतो, अगदी परीक्षेसारखं. गेल्या चार रविवारचे गुण ९४, ९१, ९७, ९९. हे मी तुम्हाला धीर द्यायला लिहीत नाही, वहीत तारखेनिशी आहेत, आल्यावर दाखवतो.

आई, तुझी एक गोष्ट मला पुस्तकात सापडली. वायगॉट्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. तो म्हणतो, लेकराला एकट्याला काय जमतं एवढंच बघू नका, कुणी हात दिला तर काय जमेल ते बघा, आणि शिकवणं त्या मधल्या जागेत करा. वाचता वाचता मला आपली चूल आठवली. मी खोलीवर राहायला जायच्या आधी तू मला भाकरी शिकवलीस. पहिले चार दिवस पीठ तूच मळलंस, मी फक्त थापली. मग मळायला दिलंस, पण तव्यावर तूच टाकलीस. मग टाकायलाही दिलीस आणि नुसती शेजारी बसलीस. सातव्या दिवशी उठून शेतात निघून गेलीस. बी.एड.ला हे मला दोन वर्षांत असं कळलं नव्हतं. आता त्यावर प्रश्न आला की मी तुझे हात बघतो आणि उत्तर लिहितो.

आणि शाळेबद्दल. तुम्ही म्हणालात, "नऊ हजारांसाठी कशाला मरतोस तिथं, सोडून दे, नुसता अभ्यास कर." ते मला जमणार नाही. सहावीत एक मुलगा आहे, आई-वडील दोघंही वाळूजला कंपनीत जातात. जूनमध्ये तो इंग्रजी वाचायला उभा राहिला की पुस्तक तोंडापुढे धरायचा, म्हणजे कुणाला त्याचा चेहरा दिसू नये. 'झू' हा शब्द त्याला काही केल्या नीट म्हणता येईना. मी त्याला म्हटलं, 'जन्म' म्हण. मग 'जरा' म्हण. दोन्हीकडे ज आहे, पण आवाज एक आहे का? तो दोन-तीनदा पुटपुटला आणि थांबला. मराठीत आपण दोन वेगळे ज रोज बोलतो, फक्त लिहिताना एकच काढतो. म्हटलं, 'जरा'मधल्या ज पाशी जीभ ने आणि आवाज लांबव. त्याला लगेच जमलं. 'जून'ला 'जन्म'चा ज, 'झू'ला 'जरा'च्या जवळचा. पुस्तक खाली आलं आणि म्हणाला, "सर, म्हणजे हे माझ्या तोंडात आधीच होतं?"

बाबा, मला यासाठी मास्तर व्हायचंय. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हा मी तिसरीत होतो, म्हणून मला ते पाचवीतच भेटलं. अचानक परक्या भाषेचं पुस्तक हातात आलं आणि गुरुजींनी सव्वीस अक्षरं फळ्यावर लिहून पाठ करा म्हणून सांगितलं. 'अवर'च्या आधी 'ॲन' का आणि 'युनिव्हर्सिटी'च्या आधी 'अ' का, हे मला थेट कॉलेजात कळलं. अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा, इतकं साधं आहे ते. तोवर मी स्वतःला ढ समजत होतो. खेड्यातली कितीतरी पोरं अजून तशीच समजतात, आणि दहावीनंतर इंग्रजीच्या भीतीनं वाट बदलतात. ती ढ नसतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

नोकरी लागल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवकच राहावं लागेल. सहावी ते आठवीला मानधन महिन्याला १६ हजार. २०२३ च्या आधी तर सहाच हजार होतं. लगेच सगळं पालटेल असं मी सांगत नाही. आपल्याला खुल्या प्रवर्गात ३८ वर्षांपर्यंत वय चालतं, म्हणजे हातात अजून पाच वर्षं आहेत, पण मी ती सगळी घेणार नाही. यंदा टीईटी काढायची आणि पुढच्या टेटला पूर्ण तयारीनं बसायचं. त्यानंतरही नाही झालं तर मी इथं इंग्रजीच्या शिकवण्या घेईन, एक खोली बघून ठेवलीय, मालकाशी बोलणं झालंय. तेही शिकवणंच आहे. ते करताना मला कमीपणा वाटणार नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

अभ्यासिकेत सध्या माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गुरुजी बसतात. जिल्हा परिषदेत पंचवीस वर्षं शिकवतायत. सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबरमध्ये निकाल आला, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. उत्तरपत्रिकेचा गोल कसा भरायचा ते मी दाखवलं. ते मला मराठ्यांचा इतिहास समजावतात, मी त्यांना इंग्रजीचे काळ. त्यांच्यामुळे माझा इतिहास खरंच सुधारला. चौथ्या रविवारचे ९९ निम्मे त्यांचे आहेत.

त्या गृहस्थांना काय सांगायचं याचं तुम्हाला ओझं वाटत असेल, तुमची जुनी ओळख आहे. माझ्यावर ढकला. मुलगा ऐकत नाही म्हणा. चहा पाजा आणि वाटेला लावा. फिरून आले तर मला फोन लावून द्या.

विहिरीकडच्या तुकड्यात यंदा हरभरा घ्या. कापूस दोन वर्षं अंगावर आलाय. पेरणीला मी येऊ शकणार नाही, पण बियाण्याचे तीन हजार आईच्या खात्यावर टाकतोय. ते माझ्या शिकवणीचे आहेत, घ्या, परत पाठवू नका.

पेपर २३ नोव्हेंबरला आहे, माझा दुपारचा. २४ ला पहाटेच्या गाडीनं निघतो. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, येताना आणतो. आणि बाबा, मी आलो की आपण अंबाजोगाईला जाऊन तुमचे कान तपासून घेऊ. मशीन लागलं तर लागलं. तीस वर्षं इंजिनाशेजारी काढली तुम्ही, त्यात लाजायचं काही नाही. मग फोनवर हळू बोलता येईल.

तुमचा,
बाळ