केप टाऊन–क्रूगर सहलीबाबत तक्रार: आखणीचे पैसे घेतलेत, आखणी कुठे आहे?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

नाशिक, दि. १८ ऑगस्ट

महोदय,

गेल्या महिनाअखेरीस माझे यजमान आणि मी तुमच्यामार्फत दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलो. आमचा हा पहिलाच परदेश प्रवास. केप टाऊन, तिथल्या वाइनरी आणि क्रूगरची सफारी, १० रात्री, दोघांचे मिळून ६,२४,००० रुपये. 'फक्त तुमच्यासाठी आखलेली सहल' असं तुमच्या पत्रकावर छापलंय, म्हणून ग्रुप टूर सोडून आम्ही हे जास्तीचे पैसे मोजले.

सिंह दिसला नाही म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. ताडोबाला तीनदा जाऊन वाघाच्या पावलांचे ठसे तेवढे बघून परत आलेली माणसं आहोत आम्ही. केप टाऊनला पाऊस लागला, हीही तक्रार नाही. मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. केप टाऊनला पाऊस हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट पडतो, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येला असलेल्या क्रूगरमध्ये तो उन्हाळ्यात पडतो, हे मला ठाऊक होतं. जुलैत एकीकडे छत्री लागणार आणि दुसरीकडे गवत वाळलेलं, झाडं उघडी, जनावरं पाणवठ्यावर. बुकिंग करताना मी नेमकं हेच विचारलं होतं. तुमच्या नाशिक शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, "काकू, जुलै दोन्हीकडे एकदम बेस्ट." अर्धं तरी खरं होतं. आम्हालाही सप्टेंबरपासून बागेतून हलता येत नाही, छाटणीची धावपळ सुरू होते, म्हणून जुलै आम्ही मान्य केला. पण मग केप टाऊनचे दिवस सैल ठेवायला हवे होते. ज्या सकाळी आभाळ उघडेल, त्या सकाळी डोंगर. आखणी म्हणतात ती याला.

तुम्ही टेबल माउंटन मंगळवारी सकाळी १० वाजता ठोकून टाकलात. सोमवारी लख्ख ऊन होतं. आम्ही दिवसभर बसमध्ये. मंगळवारी पोचलो तर केबल कार बंद. गाइड म्हणाला, वारा आहे. तिथे वाऱ्यामुळे गाडी थांबते हे खरंच. आग्नेयेच्या वाऱ्याला तिथले लोक 'केप डॉक्टर' म्हणतात, पण तो उन्हाळ्यातला. आम्ही उभे होतो तिथे पानही हलत नव्हतं. खालच्या स्थानकावर पाटी होती: वार्षिक देखभालीसाठी बंद. १९२९ पासून चालणारी ही गाडी दरवर्षी हिवाळ्यात काही दिवस दुरुस्तीसाठी बंद ठेवतात आणि त्या तारखा आधीच जाहीर करतात. माझ्या भाच्याने त्या नाशिकमध्ये बसून दोन मिनिटांत मोबाइलवर काढून दाखवल्या. तुमच्या अंदाजपत्रकात मात्र दोन तिकिटांचे ४,६०० रुपये लावलेले आहेत. बंद गाडीचं तिकीट तुम्ही कुणाकडून काढलंत, एवढं तरी कळवा.

उंचीचं म्हणाल तर हा डोंगर १,०८६ मीटर, आमचं कळसूबाई १,६४६. पण समुद्राच्या कडेला असा सुरीने सपाट कापल्यासारखा डोंगर मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. तो खालूनच बघून परतले.

जे चांगलं झालं तेही लिहिते. रॉबेन बेटाची फेरी उत्तम झाली. मंडेलांनी २७ वर्षांच्या तुरुंगवासातली १८ वर्षं जिथे काढली, ती कोठडी बघून आमचे हे बराच वेळ बोललेच नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा केप टाऊनलाच बोटीतून उतरले होते, हे मी गाइडला सांगितलं. त्याने वहीत टिपून घेतलं. हाच गाइड दुसऱ्या दिवशी केप ऑफ गुड होपला 'हे आफ्रिकेचं दक्षिण टोक, इथे दोन महासागर मिळतात' असं सांगत होता. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतही तेच छापलंय. दक्षिण टोक म्हणजे केप अगुल्हास, तिथून सुमारे दीडशे किलोमीटर आग्नेयेला. गुड होपच्या पाटीवरच 'नैर्ऋत्य टोक' असं लिहिलेलं आहे. निदान तिच्याखाली उभं राहून तरी हे सांगू नये. याचे पैसे मी मागत नाही. पुढचं पत्रक छापाल तेव्हा दुरुस्त करा.

आता वाइनरीचा दिवस. खरा राग याचा आहे.

माझे यजमान दारूला शिवत नाहीत. दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे आणि त्यातल्या दोन एकरांचा माल वाइनसाठी जातो. त्यांना केपची बाग बघायची होती. दक्षिण गोलार्ध असूनही तिथली काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्येच होते, आपल्या नाशिकसारखी. कारण आपण वर्षातून दोन छाटण्या करून वेलाला आपल्या वेळापत्रकावर आणतो आणि त्यांचा वेल थंडीत आपोआप झोपतो. म्हणजे जुलैत तिथे छाटणी चालू असते. बिनमंडपाचे, झुडपासारखे वाढवलेले जुने वेल तिथे आहेत, ते कसे छाटतात, काडीवर किती डोळे (कोंब फुटायच्या जागा) राखतात, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. पिनोटाज ही द्राक्षाची जात तिथलीच, १९२५ साली स्टेलनबॉशला पिनो नुआर आणि सिन्सो यांच्या संकरातून झालेली. तिचा वेल बघायचा होता. हे सगळं मी मार्चमध्ये ईमेलने लिहून दिलं होतं. 'स्टेलनबॉश आणि फ्रान्शहूक, पूर्ण दिवस, खासगी गाडी, बागेत फेरी, तळघर' असं तुमचं लेखी उत्तर सोबत जोडलं आहे.

प्रत्यक्षात खासगी गाडीऐवजी २२ माणसांची बस आली. स्टेलनबॉश केप टाऊनहून जेमतेम ५० किलोमीटर, पण आम्ही पोचलो दुपारी अडीचला, कारण मध्ये शहामृगाच्या चामड्याच्या पर्सच्या दुकानात दोन तास थांबवलं. (सगळ्या बसमध्ये मिळून एक पर्स खरेदी झाली.) तिथून थेट टेस्टिंगच्या काउंटरवर, पाच पेले, ४० मिनिटं. यांच्यासमोर पाच पेले भरलेले आणि खिडकीबाहेर शंभर पावलांवर माणसं कात्र्या घेऊन छाटणी करतायत. हे उठून बाहेर निघाले तर तुमच्या टूर मॅनेजरनी हाक मारली, "काका, टाइम नाही, टेस्ट करून घ्या." फ्रान्शहूक झालंच नाही. येताना काळोखात बसमध्ये हे एवढंच म्हणाले, "काडीवर डोळे किती ठेवतात ते बघायचं राहिलं."

क्रूगरबद्दल फार लिहीत नाही, कागद सांगतीलच. केप टाऊनहून त्या भागात थेट विमान जातं. आम्हाला जोहान्सबर्गला पाच तास बसवून ठेवलंत. कार्यक्रमपत्रिकेत 'क्रूगर उद्यानात ३ रात्री, ५ गेम ड्राइव्ह' (म्हणजे गाडीतून जनावरं बघायच्या फेऱ्या) असं आहे. हॉटेल मिळालं एम्बोम्बेला शहरात, फाटकापासून सुमारे तासाभरावर. जुलैत फाटक सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. हॉटेलचा नाश्ता सातला, म्हणून आम्ही फाटकावर सव्वानऊला. ताडोबाच्या जिप्सीवाल्याला या वेळेला नेतो म्हणालात तर तो हसेल. १९ हजार चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, आणि उघड्या गाडीऐवजी काचा बंद असलेल्या मिनीबसमधून फक्त दोन फेऱ्या. तरी हत्ती दिसले, जिराफ दिसले. उरलेल्या तीन फेऱ्यांच्या वेळात 'फ्री टाइम ॲट मॉल' होता.

आणखी एक, कारण यात आमचं विमानच चुकलं असतं. जाताना इथिओपियात, अदिस अबाबाला १४ तासांचा थांबा होता. पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या अशा देशात विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलं तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते, आणि ती लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तुम्ही सांगितलंत, "भारतीयांना लागत नाही." भारतातून थेट जाणाऱ्याला लागत नाही, पण मार्ग तुम्हीच ठरवला होता. मी स्वतः चौकशी करून लस घेतली नसती तर?

मागण्या अशा: वाइनरीच्या खासगी दिवसाचे २२,०००, न झालेल्या तीन गेम ड्राइव्हचे दोघांचे ५१,००० (तुमच्याच अंदाजपत्रकातला दर, माणशी ८,५००) आणि केबल कारचे ४,६००, एकूण ७७,६०० रुपये. याशिवाय उद्यानातला मुक्काम आणि शहरातलं हॉटेल यांच्या भाड्यातला फरक बिलांसह द्यावा. सहलीच्या पैशांबरोबर घेतलेल्या टीसीएसचं (आयकर खात्यात भरायच्या कराचं) प्रमाणपत्रही अजून आलेलं नाही, तेही पाठवावं.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन; आता तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. ईमेल, पावत्या, कार्यक्रमपत्रिका आणि बंद केबल कारच्या पाटीचा फोटो सोबत आहे.

उत्तर लेखी द्यावं. "काकू, बघतो" असा फोन नको.

आपली,
(सही, नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)